मिरगीच्या गोळ्यांनी डोकं मंद होतं का? (नेमकं लिहा)

खोडरबर
मिरगीची गोळी चालू असलेल्या लेकराबद्दल आपल्याकडच्या शाळांत तीन वाक्यं हमखास कानावर येतात. "गोळीनं पोट्टं मठ्ठ झालं." "पाढे येत होते, आता इसरते." "वर्गात नुसतं पेंगते." मग घरचे एक दिवस गोळी बंद करतात आणि काही दिवसांत प्रार्थनेच्या रांगेतच फिट येते.
यात गोळीचा दोष किती, आजाराचा किती? कोणती गोळी नेमकं काय करते? आणि तालुक्याला मेंदूचा डॉक्टर नसताना शिक्षक, आशाताई, पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) डॉक्टर यांनी करायचं काय? "आमच्या साडभावाच्या मेहुण्याला" छाप कथा नकोत, त्या पारावर भरपूर मिळतात. औषध, डोस, वेळ असं लिहा.

झुणकाभाकर
मंद तर आमच्या गावचं नेटवर्कही आहे. त्याले कोनती गोळी?
(थांबतो. जाणकार येऊ द्या.)

औषधीवाला_वणी
आधी पट्टी बघा. "मिरगीची गोळी" नावाची एक गोळी नसते. खेड्यात बहुतेक वेळा यांपैकी काहीतरी चालू असतं: फेनोबार्बिटोन (गार्डिनाल), फेनिटॉइन (एप्टॉइन), व्हॅलप्रोएट (व्हॅलपारिन, एन्कोरेट), कार्बामाझेपिन (टेग्रिटॉल, मॅझेटॉल). अलीकडे लेव्हेटिरासिटाम (लेव्हिपिल) आणि क्लोबाझाम (फ्रिझियम). प्रत्येकीचा त्रास वेगळा, त्यामुळे "गोळीनं मंद झालं" या वाक्यातून काहीच कळत नाही.

गार्डिनालपासून सुरू करतो, कारण जुनी, स्वस्त आणि सगळ्यात बदनाम तीच. १९१२ पासून वापरात आहे. मोठ्या माणसाच्या शरीरातून अर्धी बाहेर पडायला तीन-चार दिवस लागतात, लेकरांत थोडे कमी. म्हणून ती दिवसातून एकदा, रात्री घेतली तरी पुरते. चिठ्ठीवर "सकाळी १, रात्री १" असेल तर सकाळची गोळी पहिल्या दोन तासिका खाऊन टाकते. तोच एकूण डोस रात्री एकदम देता येईल का, एवढं डॉक्टरांना विचारा. पुष्कळांची पेंग तिथंच उतरते.
दुसरं, सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर रक्तातली पातळी स्थिर व्हायला दोन-तीन आठवडे जातात. चौथ्या दिवशीच "जमत नाही" म्हणू नका.
तिसरं, लहान लेकरांत ही गोळी कधी उलटी चालते. झोप येण्याऐवजी लेकरू एका जागी बसत नाही, चिडते, मारते. शाळेत त्याला वांड म्हणतात.

ओपीडी_नंतर
औषधीवाला यांनी एप्टॉइन माझ्यासाठी सोडलेली दिसते :)

फेनिटॉइनचं गणित सरळ नाही. कापसाच्या जिनिंगच्या गेटवर दिवसाला ठरावीकच गाड्या खाली होतात. तेवढ्या आल्या तर सगळं सुरळीत, पाच-दहा जास्त आल्या की रांग थेट हायवेपर्यंत. यकृताचं या औषधाशी असंच होतं. ३०० एमजीवर ठीक असलेला माणूस ४०० वर गेला की रक्तातली पातळी एक तृतीयांशानं वाढेल असं वाटतं, पण ती दुप्पटही होऊ शकते. म्हणून ३०० च्या पुढं २५-५० एमजीच्या पायऱ्यांनीच चढायचं. १०० ची अख्खी गोळी वाढवणं हीच नेहमीची चूक.

पातळी साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिली असावी. २० च्या वर डोळे थरथरतात, ३० च्या वर तोल जातो, ४० च्या वर सुस्ती आणि गोंधळ. तपासणीची सोय नसेल तर दोन गोष्टी करा. एक, रुग्णाला नजरेनं बोटाचा माग काढू द्या आणि बोट बाजूला नेऊन थांबवा, बुबुळं झटके देतात का बघा. दोन, टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. या दोन्हींत गडबड आहे आणि "विसरतो, बोलताना जीभ जड पडते" अशी तक्रारही आहे, तर बुद्धी कमी झालेली नाही, औषध जास्त झालंय. डोस नीट केला की बहुतेक वेळा माणूस पूर्ववत होतो. मात्र महिनोन् महिने तसंच राहू दिलं तर लहान मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

कुपोषित लेकरू, बाळंतीण, यकृताचा रुग्ण यांच्या रक्तात औषधाला बांधून ठेवणारं प्रथिन, अल्ब्युमिन, कमी असतं. त्यांच्यात रिपोर्ट "१५, नॉर्मल" येतो आणि माणूस मात्र झुलत असतो, कारण मोकळं औषध जास्त असतं. अशा वेळी रिपोर्ट बाजूला ठेवून रुग्णाकडं बघा.

औषधीवाला_वणी
वरच्यात एक जोड. गजकर्णासाठी फ्लुकोनाझोल सर्रास चालते. ती फेनिटॉइनची पातळी वाढवते. टीबीच्या औषधातली आयसोनियाझिडही वाढवते. कार्बामाझेपिनवाल्याला खोकल्यासाठी एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन मिळाली की दोन दिवसांत एकाचे दोन दिसायला लागतात. म्हणजे मिरगीच्या गोळीत काहीच बदल नाही, त्रास दुसऱ्याच चिठ्ठीमुळे. "गेल्या महिनाभरात आणखी कशाची गोळी घेतली?" हा प्रश्न आधी विचारायचा. सर्दीच्या गोळ्याही त्यात धरा, त्या पेंग वाढवतात.

पऱ्हाटी
एवढा पसारा कशाला? गार्डिनाल पीएचसीतून काढूनच टाका. १९९० चा अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध आहे. तापात झटके आलेली ८ ते ३६ महिन्यांची बाळं होती. दोन वर्षांनी फेनोबार्बिटोन गटाचा बुद्ध्यंक प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी) गटापेक्षा सरासरी ८.४ ने कमी निघाला. औषध बंद करून सहा महिन्यांनीही फरक ५.२ होता. आदिवासी भागातल्या लेकरांनी हे काऊन सोसायचं?

ओपीडी_नंतर
अभ्यास बरोबर सांगितलात, पण तो कोणावर होता ते पुन्हा वाचा. तापातले झटके म्हणजे मिरगी नव्हे. त्यांतल्या बऱ्याच बाळांना रोजच्या गोळीची गरजच नव्हती, म्हणून तोटा तेवढा उठून दिसला. उलट बाजूला १९९८ ची पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातली चाचणी आहे. २ ते १८ वयाची, खरोखर मिरगी असलेली ९४ मुलं, निम्म्यांना फेनोबार्बिटोन, निम्म्यांना फेनिटॉइन. वागणुकीच्या त्रासात फेनोबार्बिटोन जास्त वाईट ठरलं नाही.

पऱ्हाटी
तुलना कोणाशी? फेनिटॉइनशी! तो काय साधू आहे? दोन पेंगणाऱ्यांत कोण कमी पेंगतो, एवढंच कळलं.

ओपीडी_नंतर
हा मुद्दा मान्य. गार्डिनालला मी निर्दोष म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच की भामरागडला किंवा धारणीला दर महिन्याला जी गोळी खात्रीनं मिळते, ती मिळत राहू द्या. पर्याय नियमित मिळायला लागला की बदला. चांगली गोळी दोन महिने आणि मग पुरवठा बंद, यात लेकराचा जास्त घात होतो. लांबलेली फिट मेंदूचं जे नुकसान करते ते ३० एमजी गार्डिनाल करत नाही.
आणि वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा, गार्डिनाल काढायची तर महिन्याला १५-३० एमजी अशी उतरवत, डॉक्टरांच्या देखरेखीत. एकदम बंद केली तर लागोपाठ फिट येतात.

मोहफूल
बुद्धीची तपासणी हे काम असलेल्याच्या नजरेतून थोडं वेगळं. "मंद" या एका शब्दात निदान पाच गोष्टी भरलेल्या असतात: झोप, लक्ष न टिकणं, काम सावकाश होणं, शब्द न आठवणं, नवीन गोष्ट लक्षात न राहणं. त्या वेगळ्या केल्या की दोषी कोण हे अर्धं कळतं.

सगळंच सावकाश पण बरोबर होतंय, तर गार्डिनाल, क्लोबाझाम किंवा एकापेक्षा जास्त गोळ्या. शब्द जिभेवर येऊन अडतो, तर टोपिरामेट (हीही मिरगीचीच गोळी), आणि त्याची खूण ठळक असते. एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगायला लावा. आधी अठरा सांगणारा नऊवर अडतो. आठवड्याला २५ एमजी इतक्या हळू वाढवलं तर त्रास कमी होतो, उतरवलं की बहुधा जातो.
नवीन काही लक्षात राहत नाही, कालचं विसरतो, पण झोपाळू नाही, तर गोळीआधी आजाराकडं बघा. कानशिलामागच्या मेंदूच्या भागातून फिट येत असतील तर स्मरणशक्तीला मार तिथूनच बसतो. लक्ष पाच-दहा सेकंद "जातं", डोळे स्थिर, वाक्य मधेच तुटतं, मग जसं काही झालंच नाही, आणि असं दिवसात अनेकदा, तर ती फिटच आहे. शिक्षक त्याला "धांदरट" म्हणतात आणि पालक गोळीला दोष देतात. तिथं योग्य गोळीनं लेकरू हुशार "होतं"! अर्थात गोळी कोणती यालाही महत्त्व आहे. या प्रकारच्या फिटवर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत लक्ष न टिकण्याचा त्रास व्हॅलप्रोएटवर ४९ टक्के मुलांत आणि एथोसक्सिमाइडवर ३३ टक्के मुलांत दिसला. फिट थांबवण्यात दोन्ही सारखीच.

ओलितवाला
राजेहो, झोपेचं कोनी बोलूनच नाही राह्यलं. शेतपंपाची लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हरभऱ्याले पानी देनं हाये, मानूस रात्री दोन वाजता दांडात उभा. सकाळी त्याले इचारता, डोकं काऊन जड? म्हने गोळीनं.

मोहफूल
ओलितवाल्यांनी लाखातलं सांगितलं. अपुऱ्या झोपेनं स्मरण बिघडतं आणि फिटही येते. रात्रपाळीचा आठवडा असेल तर पाणी घरातल्या दुसऱ्यानं द्यावं. मिरगी असलेल्यानं रात्री एकट्यानं विहिरीकाठी जाऊच नये, हा तर वेगळाच धोका. मोहाची दारू पिऊन वर गार्डिनाल घेणं हेही तसंच. दोन्ही झोप आणणारी, श्वासावर दाब येऊ शकतो.

झुणकाभाकर
म्हणजे महावितरणलाही चिठ्ठी लिहून द्यायची का डॉक्टर? "रुग्णास दिवसा थ्री फेज द्यावा, जेवणानंतर."

निंबोळी
लेव्हिपिल सगळ्यात चांगली ना? बुद्धीवर परिणाम नाही, दुसऱ्या औषधांशी भांडत नाही. सगळ्यांना तीच द्या, वाद मिटला.

ओपीडी_नंतर
बुद्धीवर फारसा परिणाम नाही हे खरं, पण स्वभावावर होतो. चिडचिड, आदळआपट, उदासी, आणि तीही बहुधा पहिल्या काही आठवड्यांत. घरचे याला गोळीशी जोडत नाहीत, "वयच तसं" म्हणतात. म्हणून सुरू करतानाच घरच्यांना सांगायचं. आधी मानसिक आजार झालेला असेल तर दुसरं काही बघायचं. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी डॉक्टर, पण गोळी स्वतःहून तोडायची नाही. बी-सिक्स जीवनसत्त्व देतात, काहींना बरं वाटतं, पुरावा तोकडा आहे. आणि ही गोळी मूत्रपिंडातून बाहेर पडते, किडनी कमजोर असेल तर नेहमीच्याच डोसनं सुस्ती येते.

बुद्धीच्या दृष्टीनं लॅमोट्रिजिन ही मिरगीची गोळी चांगली आहे, पण तिला घाई चालत नाही. मोठ्या माणसात २५ एमजी दोन आठवडे, मग ५० एमजी दोन आठवडे. व्हॅलप्रोएट आधीच चालू असेल तर २५ एमजी दिवसाआड. घाई केली तर अंगावर जीवघेणं पुरळ उठू शकतं. पुरळ दिसलं की पुढचा डोस घेण्याआधी दवाखाना.

औषधीवाला_वणी
दोन गोळ्यांच्या भांडणाचं सगळ्यात जास्त दिसणारं उदाहरण: गार्डिनाल चालू, फिट थांबेना म्हणून व्हॅलप्रोएट जोडलं. व्हॅलप्रोएट गार्डिनालचा निचरा रोखतं. गार्डिनाल ६० च लिहिलेली असते, पण रक्तात त्यापेक्षा बरीच जमते. मूल दिवसभर झोपतं आणि ठपका नव्या गोळीवर येतो. जोडतानाच गार्डिनाल कमी करायला हवी.

पऱ्हाटी
व्हॅलप्रोएटवर रक्तातला अमोनिया वाढतो म्हणतात, ते?

ओपीडी_नंतर
हो. सुस्ती, उलट्या, असंबद्ध बोलणं, आणि यकृताच्या तपासण्या नॉर्मल. टोपिरामेट किंवा गार्डिनाल सोबत असेल तर शक्यता जास्त. रक्ताचा नमुना बर्फात ठेवून लगेच तपासावा लागतो. तालुक्याहून जीपमध्ये नागपूरला गेलेल्या नमुन्यात अमोनिया खोटाच वाढलेला दिसतो. म्हणून नमुना पाठवू नका, रुग्ण पाठवा.
म्हाताऱ्यांत वेगळंच. कार्बामाझेपिन किंवा तिचीच बहीण ऑक्सकार्बाझेपिन, सोबत बीपीची लघवी वाढवणारी गोळी, आणि "बुढा अचानक भ्रमिष्ट झाला". रक्तातलं सोडियम तपासा, ते उतरलेलं असू शकतं. ही तपासणी तालुक्यालाही होते.

निंबोळी
मुलींच्या बाबतीत कोणी लिहिलं नाही. व्हॅलप्रोएटचा सगळ्यात मोठा बौद्धिक परिणाम घेणाऱ्या बाईवर होत नाही, पोटातल्या बाळावर होतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहाव्या वर्षीचा सरासरी बुद्ध्यंक व्हॅलप्रोएटवाल्या आईंच्या मुलांत ९७, कार्बामाझेपिनच्या १०५, लॅमोट्रिजिन आणि फेनिटॉइनच्या १०८. डोस जास्त तर तोटा जास्त. जन्मजात व्यंगांचा धोका वेगळाच. मुलगी वयात आली की चिठ्ठी पुन्हा बघायला हवी, लग्न ठरल्यावर नव्हे. आपल्याकडं लग्नात आजार लपवतात, मग सासरी गोळी लपून घ्यावी लागते, आणि दिवस गेल्याचं कळल्यावर कोणी तरी ती एकदम बंद करतं. तेही चूक. तातडीनं डॉक्टर, आणि फॉलिक ॲसिड ५ एमजी दिवस जाण्याआधीपासूनच.

ओपीडी_नंतर
निंबोळीताईंच्या या प्रतिसादासाठी धागा वर ठेवा.

मोहफूल
उन्हाळ्याचं राहिलं. टोपिरामेट आणि झोनिसामाइड या मिरगीच्या गोळ्या घाम कमी करतात, लेकरांत जास्त. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तोंड लाल, अंग तापलेलं, पण कातडी कोरडी, लेकरू गळालेलं, तर "गोळीची सुस्ती" म्हणून झोपवू नका. सावली, ओलं फडकं, दवाखाना. तेंदूपत्त्याच्या हंगामात आईबापांसोबत रानात जाणाऱ्या लेकरांच्या घरी हे आधीच सांगून ठेवा. पाणी भरपूर द्या, टोपिरामेटनं मुतखडाही होतो.

झुणकाभाकर
आणि त्या "शंभर टक्के आयुर्वेदिक, मिरगी जडापासून" पुड्या? बाजाराच्या दिवशी मिळतात. त्यांनी तर डोकं जड होत नाही म्हणे. यावेळी मस्करी नाही, खरंच विचारतो.

औषधीवाला_वणी
अशा पुड्यांत फेनोबार्बिटोन मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं झाली आहेत. म्हणून तर त्या "लागू" पडतात. घरी गार्डिनाल चालू आणि वर पुडी, म्हणजे डोस किती झाला ते देवालाच ठाऊक. आणि पुडी संपली की अचानक बंद केल्यासारखीच फिट. पुडी चालू असेल तर लपवू नका, डॉक्टरांना दाखवा.

सायरपचंही सांगून टाकतो. फेनिटॉइनचं पातळ औषध बाटलीत खाली बसतं. न हलवता दिलं तर वरचे चमचे फिके, फिट येते. तळाचे चमचे जहाल, लेकरू झुलते. आई म्हणते बाटली तीच, चमचा तोच. दर वेळी जोरात हलवा, घरचा चमचा न वापरता मापाचं झाकण किंवा सिरिंज वापरा, आणि नवी बाटली आली की ५ मिलीत किती एमजी ते लेबलावर वाचा. ताकद वेगवेगळी येते. कंपनी बदलली तरी पातळी हलू शकते, फेनिटॉइनमध्ये विशेष.

खोडरबर
एवढं येईल असं वाटलं नव्हतं. माझ्या मूळ प्रश्नाचा शेवटचा भाग अजून बाकी आहे: शिक्षकानं चिठ्ठीत नेमकं काय लिहून पाठवायचं? "अभ्यासात मागे" असं लिहिलं तर डॉक्टरांना त्यातून काय कळणार?

मोहफूल
काही कळत नाही. गोळी सुरू होण्याआधी किंवा बदलण्याआधी एक नोंद करा: एका मिनिटात किती शब्द वाचतो, एका मिनिटात किती प्राण्यांची नावं सांगतो, वजाबाकीची दहा गणितं किती वेळात, आणि शुद्धलेखनाचं एक पान जपून ठेवा, हस्ताक्षरातली थरथर त्यात दिसते. चार आठवड्यांनी तेच, दिवसाच्या त्याच वेळी. फिट आल्यापासून दोन दिवसांत घेऊ नका, तेव्हा सगळ्यांचंच कमी भरतं. उतारा आणि गणितं बदला, नाहीतर लेकरू पाठ करून येतं.

ओपीडी_नंतर
त्याखाली: गोळीचं नाव व एमजी, किती वाजता घेतली, किती वाजता पेंगतो, महिन्यात किती फिट, रात्रीची झोप, आणखी कोणतं औषध. त्यावरून पीएचसीतला डॉक्टरही ई-संजीवनीवर (सरकारी ऑनलाइन सल्ला सेवा) तज्ज्ञाशी नीट बोलू शकतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्या यादीत झटक्यांचा आजार आहे. बुद्धीची रीतसर चाचणी हवी तर त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयातल्या केंद्रात पाठवता येतं.

खोडरबर
"किती वाजता घेतली" आणि "किती वाजता पेंगतो" शेजारी शेजारी लिहायचं कधी सुचलंच नव्हतं. सोमवारी चिठ्ठीचा कोरा नमुना करून इथं टाकते.

औषधीवाला_वणी
नमुन्यात एमजीची चौकट मोठी ठेवा, ताई. गार्डिनाल ३० आणि ६० दोन्ही येतात, घाईत पट्ट्या सारख्याच वाटतात. ६० संपली म्हणून ३० दिली तर दोन घ्यायच्या, हे दुकानदारानं पाकिटावर लिहायला हवं. ३० संपली म्हणून ६० दिली आणि कोणी सांगितलं नाही, तर पंधरा दिवसांनी वर्गातलं पोट्टं बाकावर डोकं टेकवून झोपलेलं दिसतं.

झुणकाभाकर
आणि आम्ही म्हणतो, मठ्ठ झालं.

ओलितवाला
नमुना टाकला की आमच्या आशाताईले पाठवतो. या आठवड्यात लाइन दिवसाची हाये, जागाच हावो.